एक ठोका, मग दोन

वैनगंगेच्या अलीकडचं ते तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, कारण या हकिकतीतली निम्मी माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांना आवाज खपत नाही. ब्रह्मपुरीहून जीपमध्ये कोंबून निघालेला माणूस नाक्यावर उतरला की समोर राइस मिल दिसते. मिलच्या कुंपणाला लागून इनायतभाऊंचं टिनाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं, जिथं पंचाण्णव सालापर्यंत धानाच्या बांध्या होत्या, तिथं शिक्षक कॉलनी उभी राहिली. तिन्ही इतकी जवळजवळ, की मिलचा कोंडा दुकानात उडे आणि दुकानाचा आवाज कॉलनीत.

इनायतभाऊ पत्र्याच्या कोठ्या करीत. धान साठवायच्या, माणसाच्या छातीला लागतील एवढ्या. कुरखेड्यापर्यंतचे शेतकरी बंडी जुंपून कोठी न्यायला येत आणि नेण्याआधी तिच्या पोटावर बोटाचं हाड मारून ऐकत. सांधा घट्ट बसला असेल तर पत्रा भरदार बोलतो, नाहीतर चिरकतो. कोठी बोलली पाहिजे, असं त्या धंद्यात म्हणतात. न बोलणाऱ्या कोठीत पावसाळ्यात धान काळं पडतं.

आता चाळीस वर्षं जो पत्रा ठोकतो त्याचे कान शाबूत राहतील कसे? इनायतभाऊंच्या कानांतून आधी चिमण्या गेल्या, मग पहाटेची फजरची बांग गेली, मग बायकोचं बोलणं गेलं. मिलचा पट्टा कानाशी घरघरत असला तरी त्यांच्यापुरती ती मिल बंद होती. ही गोष्ट त्यांनी गावापासून बारा वर्षं लपवली. बहिऱ्या टिनवाल्याकडून कोठी कोण घेईल? गिऱ्हाईक कोठीवर बोट मारी तेव्हा ते आपली हनुवटी कोठीच्या काठावर टेकवीत. पत्रा काय बोलला ते त्यांना दाढेत कळे. लोक हसत. "इनायतभाऊ कोठीले कान नाई, दाढी लावते!" म्हणत. इनायतभाऊ समोरच्याच्या ओठांकडं बघून हसत आणि मोठमोठ्यानं बोलत, कारण आपला आवाज केवढा निघतो हेही त्यांना उमगत नसे.

खरं काय ते फक्त खातूनला ठाऊक होतं. खातून म्हणजे त्यांची बायको. बारीक चणीची, बोलायला तिखट, आणि नवऱ्याला वेळेवर जेवू घालणं म्हणजे आपली सहावी नमाज असं समजणारी. दुकान पुढं, घर मागं, आणि मधे एकच टिनाची भिंत. दुपारी दीडची नमाज आटोपून इनायतभाऊ परत येत आणि त्या भिंतीला पाठ लावून बसत. दोन वाजता पोळी तव्यावरून उतरली की खातून आतून लोखंडी सराट्यानं, म्हणजे पोळी उलटायच्या उलथण्यानं, भिंतीवर ठोके देई. एक ठोका. मग जरा थांबून दोन. ते इनायतभाऊंच्या पाठीच्या कण्यात उतरत. मग ते शेजारची लाकडी मोगरी उचलून ऐरणीवर दोन ठोके देत. त्याचा अर्थ, कळलं, येतो. हे उत्तर मिळेपर्यंत ती बाई थांबत नसे. उशीर झाला की सराटा तसाच वाजत राही, आणि तिसऱ्या खेपेला ठोके असे बसत की इनायतभाऊ मोगरी सोडून आधी चप्पल शोधत.

कॉलनी आली तसे अर्ज आले. कॉलनीचे अध्यक्ष धनराज गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, पण हजेरी घ्यायची सवय न गेलेले. वाईट माणूस नव्हे. अर्जात त्यांनी 'ध्वनिप्रदूषण' हा शब्द दोनदा अधोरेखित केला आणि तालुक्याच्या कचेरीत साहेबांना तोंडी सांगितलं, "मशिदीच्या भोंग्याचं आम्ही काही म्हणत नाही हं, साहेब. आम्ही त्यातले नाही. फक्त ही ठोकाठोक." मिलचं विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले की मिलचा आवाज एकसारखा असतो, त्याची सवय होते. खरी गोष्ट अशी की कॉलनीच्या देवळाची फरशी मिलच्या शेटजींनी घालून दिली होती. शेटजींचा आवाज म्हणून उद्योग झाला आणि इनायतभाऊंचा आवाज म्हणून उपद्रव. मला तर त्या अर्जाचा अजून राग येतो. इनायतभाऊंना मात्र आला नाही. त्यांनी दुपारी एक ते चार हातोडी बंद, असं हमीपत्र लिहून दिलं. मोडलं तर दुकानाला सील. कागद घरी आल्यावर खातूननं विचारलं, "और मेरा सराटा?" इनायतभाऊ म्हणाले, सराट्याचं त्यात काही लिहिलेलं नाही.

आणि खरंच, तिच्या तीन आणि त्यांच्या दोन, त्या पाच ठोक्यांबद्दल कोणी कधी बोललं नाही.

२००३ साली, होळीच्या आठ दिवस आधी, खातून गेली. सकाळी छातीत दुखतं म्हणाली, दुपारी नव्हती. चुलीवर तवा होता, सराटा भिंतीच्या खिळ्याला होता, आणि इनायतभाऊ नमाजेहून येऊन भिंतीला पाठ लावून तीन वाजेपर्यंत बसून राहिले होते. आज जेवायला उशीर का, असं त्यांच्या मनात आलं होतं. ही आठवण त्यांना पुढं जन्मभर पुरली.

मुलगी अंजुम चिमूरला दिलेली. ती आली, राहिली, आणि आपल्याबरोबर चला म्हणून मागं लागली. इनायतभाऊ म्हणाले, चाळिसाव्यानंतर बघू. दुकान होतं तोवर ते कोणाच्या दारात बसणार नव्हते. चाळीस दिवस हातोडी धरायची नाही असं त्यांनी ठरवलं. घरची चूल पेटवली नाही. दीडला मशिदीत जायचं, तिथूनच गल्लीतल्या भावाकडं जेवायचं, चारला परत यायचं. दुपारच्या त्या वेळात दुकानाला कुलूप असे.

आणि पंचविसाव्या दिवशी कचेरीची नोटीस आली. हमीपत्राचा भंग. रोज दुपारी दोनच्या सुमारास दुकानातून ठोकण्याचा आवाज.

नोटीस घेऊन आला तो पत्रू, कचेरीतला शिपाई. त्याच्या बापाच्या घरी इनायतभाऊंनी केलेली कोठी अजून होती.

"भाऊ, तुमी दुपारी ठोकून राह्यले का?"

"मी तं मशिदीत राह्यतो त्या टायमाले! दुकानाले कुलूप राह्यते!"

"मले मालूम हाय ना. पन कागदावर तुमीच हाय."

इनायतभाऊ कचेरीत गेले. साहेबांनी विचारलं, साक्षीदार कोण? इनायतभाऊंनी नावं सांगितली: भाऊ, पेशइमाम, गल्लीतले दोघं. साहेब म्हणाले, "ही सगळी तुमचीच माणसं झाली." कॉलनीच्या अर्जावर एकवीस सह्या होत्या, त्याही एकमेकांच्या शेजाऱ्यांच्याच, पण त्यांना तसं कोणी म्हटलं नाही. इनायतभाऊंचा आवाज नेहमीसारखा मोठा निघाला, आणि साहेबांनी 'गैरअर्जदार उद्धट' असा शेरा मारला. आवाज मोजायचं यंत्र साहेबांनी फक्त परिपत्रकात पाहिलं होतं. तेव्हा आवाज होता की नव्हता, हे सह्यांवर ठरणार होतं.

मग इनायतभाऊ कॉलनीतच गेले. गुरुजींनी दार उघडलं नाही. दुकानाला लागूनच्या, कॉलनीतल्या पहिल्या घरात पुनम राहत असे, एका मास्तरांची बायको, नागपूरकडून आलेली. ती फाटकाशी आली. आधी तिनं मागं वळून घरात कोणी बघतंय का ते पाहिलं.

"काका, मी पहिल्या अर्जावर सही नव्हती केली," ती म्हणाली. "या अर्जावर केली. मले भीती वाटते."

"मी ठोकत नाई, बाई! खुदाकसम!"

"मले मालूम आहे. मी गच्चीवरून पाहिलं, तुमच्या दुकानाले कुलूप होतं." तिनं पुन्हा एकदा मागं पाहिलं. "आधीही यायचा हा आवाज. पण मग लगेच तुमचे दोन ठोके यायचे, अन् बंद व्हायचा. आता बंदच नाही होत, काका. पाव पाव घंटा चालते. अन् तो ठोकण्यासारखा वाटत नाही. कोणी बोलावून राह्यलं, असं वाटते."

इनायतभाऊ तिच्या ओठांकडं बघत होते. त्यांना वाटलं, आपण चुकीचं वाचलं.

"कसा येते? कसा आवाज येते?"

पुनमनं बोट वाकवून लोखंडी फाटकावर मारलं. एकदा. मग जरा थांबून दोनदा.

फाटकाच्या वरच्या पट्टीवर इनायतभाऊंचा हात होता. ते तळहातातून मनगटात आलं, मनगटातून कोपरात. बारा वर्षं त्यांनी ते पाठीतून ऐकलं होतं. तेवढंच थांबणं, तेवढीच दुसऱ्या-तिसऱ्याची घाई. त्यांनी हात काढून घेतला आणि सदऱ्याला पुसला, जणू पट्टीला काही लागलं होतं. पुनम काहीतरी विचारत होती. त्यांनी तिच्या तोंडाकडं बघायचंच सोडलं, त्यामुळं ते काय होतं ते कळलं नाही.

चाळीस दिवस माणसाची रूह घराकडं फिरकते, असं मोहल्ल्यातल्या बाया म्हणत. असं काही नसतं, असं पेशइमाम म्हणत. इनायतभाऊ आजवर पेशइमामांच्या बाजूचे होते.

दुसऱ्या दिवशी ते मशिदीत गेले पण भावाकडं गेले नाहीत. पावणेदोनला दुकान उघडून आत बसले, भिंतीपासून चांगले चार हात लांब. एप्रिलचं ऊन होतं. रस्ता सुना होता. मिलचं जुनं कुत्रं ऐरणीच्या सावलीत झोपलं होतं. समोरच्या फळीवर एक लोटा पाण्यानं भरलेला होता. भिंतीवर काहीच नव्हतं: सराटा पलीकडं, खिळ्याला.

दोन वाजले. कुत्र्यानं मान उचलली. कान उभे केले आणि भिंतीकडं पाहिलं. आढ्यावरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. लोट्यातल्या पाण्यावर एक वर्तुळ उमटलं. ते काठाला लागून विरलं आणि मग लागोपाठ दोन उमटली. कुत्रं उठलं, शेपूट पायांत घालून उन्हात निघून गेलं. इनायतभाऊंना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. भर दुपारी, उघड्या दुकानात, ते त्या पाण्याकडं बघत बसले. पुन्हा एक. पुन्हा दोन. उठून भिंतीला हात लावावा एवढीही हिंमत झाली नाही, कारण हात लावला की ती असणार होती. त्यांनी शटर ओढलं आणि अनवाणी मशिदीपर्यंत गेले. रस्ता पोळत होता हे पोचल्यावर कळलं.

पण त्या रात्री त्यांना भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. सगळी कॉलनी ऐकते, कुत्रं ऐकतं, चिमण्या ऐकतात. जिच्यासाठी ऐकायचं तिला एकटा आपणच उत्तर देत नाही.

दरम्यान पत्रूनं साहेबांना गळ घालून पंचनामा ठरवला होता. गुरुवारी पावणेदोनला. "भाऊ, सोपं हाय," तो सावकाश, ओठ नीट हलवत बोलला. त्याला बहुधा केव्हाच कळलं होतं. "तुमी रस्त्यावर खुर्चीत बसा. हात मांडीवर ठेवा, हालू नका. आवाज आला का साहेब डोळ्यानं पाह्यतीन का तुमी ठोकून नाई राह्यले. केस खतम. दुकान तुमचं."

इनायतभाऊंनी बोटांवर दिवस मोजले. गुरुवारी चाळिसावा दिवस येत होता.

गुरुवारी ते खुर्चीत बसले. पाठीमागं दुकान उघडं. समोर साहेब, गुरुजी, पुनम, पत्रू, आणि पंच म्हणून कॉलनीतले दोघं. साहेबांनी पॅडवर वेळ लिहिली. हात मांडीवर ठेवून इनायतभाऊ माणसांच्या तोंडांकडं बघत राहिले. त्यांच्यापाशी ऐकायला तेवढंच होतं.

आधी गुरुजींची मान वळली. साहेबांचं पेन थांबलं. पुनमनं पदर तोंडाशी नेला. एक, इनायतभाऊंनी मनात मोजलं. मग थांबायचं तेवढं थांबले. मग सगळ्यांचे डोळे दोनदा लवले.

साहेब दुकानात जाऊन आले, मागच्या घरात डोकावून आले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, पण तो एप्रिलचाही असेल. "पत्रा तापला की वाजतो," ते म्हणाले. "नैसर्गिक आहे. आत कोणी नाही." आणि लिहू लागले. पत्रूनं लांबूनच हात हलवला: झालं, सुटले.

पुन्हा माना वळल्या. दुसरी खेप.

"तापला की मोजून वाजतो का, साहेब?" गुरुजींनी विचारलं. त्यांचे ओठ इतके थरथरत होते की इनायतभाऊंना ते नीट वाचता आले नाहीत. भूमितीत जन्म गेलेला माणूस. ज्याला कारण नाही असं काही त्यांनी फळ्यावर कधी लिहिलं नव्हतं. इनायतभाऊंना पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

साहेब म्हणाले, "फक्त सही राहिली आहे. हे इथंच संपवू."

एक सही. मग दुकान होतं, कोठ्या होत्या, कोणाच्या दारात जाऊन बसायचं नव्हतं. इनायतभाऊंनी मांड्या घट्ट धरल्या. दोन खेपा झाल्या होत्या. तिसरी व्हायची होती, आणि तिसऱ्या खेपेला ती रागावत असे. आज चाळिसावा. उद्यापासून रागवायलाही येणार नव्हती.

पुनमचे ओठ हलले. "पुन्हा," ती म्हणाली.

आणि ही तिसरी खेप इनायतभाऊंना समजली. तोंडांवरून नव्हे, खुर्चीच्या लोखंडी पायांतून. एक ठोका. मग दोन.

पत्रू ओरडत असावा. "भाऊ, उठू नका! भाऊ!" पण इनायतभाऊंनी त्याच्याकडं पाहिलंच नाही, आणि न पाहिलेलं त्यांना कधी ऐकू येत नसे. ते दुकानात गेले. भिंतीला पाठ लावली. चाळीस दिवस जिच्यावर धूळ बसली होती ती मोगरी उचलली आणि ऐरणीवर दोन ठोके दिले. असे दिले की मिलवरचे हमाल बाहेर आले.

मग सगळं थांबलं. पंचांच्या माना सरळ झाल्या. आढ्यावर चिमण्या परत येऊन बसल्या.

"बघा! बघा, साहेब! आहे की नाही!" गुरुजी म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. दुष्टपणा नव्हता त्यात. आवाजाच्या मागं माणूस सापडला की त्याची तक्रार करता येते, रात्री झोप लागते. साहेबांनाही मोकळं वाटलं असावं. त्यांनी आधीचा कागद फाडला आणि दुसरा घेतला: सदर इसम पंचांसमक्ष, मनाई असलेल्या वेळेत, ठोकताना आढळला. पंचांनी सह्या केल्या. पुनमनं सही करायला नकार दिला, पण तिची सही लागतच नव्हती.

इनायतभाऊंनी आपली सही केली. एवढंच म्हणाले, आणि या वेळी कसं कोण जाणे, आवाज हळू निघाला:

"सील लावाच्या आधी मले जेवू द्या."

"घरात का हाय जेवाले, भाऊ?" पत्रू म्हणाला. "चूल तं थंडी हाय."

"बोलावलं हाय ना."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. इनायतभाऊ मागच्या घरात गेले, दार लोटून घेतलं. पत्रू मेणबत्ती, लाख आणि कापडाची पट्टी घेऊन उंबऱ्याशी उभा राहिला. आतून काही ऐकू आलं नाही. पाव तासानं इनायतभाऊ बाहेर आले. हात ओले होते, आणि ते रुमालानं तोंड पुसत होते, पोट भरलेला माणूस पुसतो तसे.

त्या दुपारपासून कॉलनीत तो आवाज पुन्हा कधी आला नाही. इनायतभाऊ संध्याकाळच्या गाडीनं अंजुमकडं चिमूरला गेले, आणि पुढं सहा वर्षं जगले.

त्या दुपारी पत्रूनं लाख वितळवायला घेतली. त्यानं दाराच्या फटीतून आत पाहिलं: चुलीत चाळीस दिवसांची राख तशीच, आणि मोरीच्या कडेला एक ताट, नुकतं विसळलेलं, उपडं घातलेलं. तो इनायतभाऊंच्या समोर आला आणि ओठ नीट हलवून त्यानं विचारलं, "का जेवले, भाऊ?"

"पोळी," इनायतभाऊ म्हणाले. "थंडी झाली होती. चूक माहीच."